लाकूडफोडं

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंच्या आज्ञेवरून आजपासून दैनंदिनी. "रोज चार ओळी लिहा. जास्त नकोत. डोकं ठणकायला लागलं की पेन खाली," असे त्यांनी बजावले आहे. चार ओळींत मी आजवर साधा नमस्कारही केलेला नाही; तथापि आज्ञा प्रमाण.

प्रथम दुर्घटनेची नोंद. नवरोजच्या सणासाठी आमच्या कोचकोरच्या मैदानावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभारला जात होता. तंबूच्या माथ्यावर बसते ते लाकडी चक्र, तुंदुक, आमच्या किर्गिझ राष्ट्रध्वजावरही विराजमान आहे. खांबाच्या टोकावर तोलून ते वर चढवीत असता निसटले आणि माझ्या मस्तकावर अवतीर्ण झाले. राष्ट्राचा भार शिरावर घेणारे पुष्कळ होऊन गेले. इतक्या शब्दशः कोणी घेतला नसावा. मला यातले काहीही स्मरत नाही. त्या क्षणी मी तंबूच्या सांस्कृतिक माहात्म्यावर भाषण करीत होतो, असे सांगतात. खांब कोणाच्या हाती होता, असे विचारले की सर्वांना एकदम चहाची आठवण होते.

जिल्ह्याच्या गावी नेऊन यंत्राने मस्तकाचे चित्र काढले. चित्रात काही आढळले नाही. हा निष्कर्ष माझ्या सासुरवाडीने यंत्राशिवायच फार पूर्वी काढला होता.

"हाड शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंदूला हिसका बसलाय. सौम्य आहे."

"सौम्य म्हणजे?"

"म्हणजे मरणार नाही. पण कंटाळाल."

६ एप्रिल

पडदे ओढून पडून आहे. चमचा पेल्याला लागला की कोणी कानात घंटा बडवल्यासारखे होते. पत्नीचा, कालिपाचा, काळा चष्मा लावून बसतो. कडांना चकाकणारे खडे आहेत. शेजारणीने खिडकीतून पाहून विचारले, "गवई कधीपासून झालात?"

प्रकाश, आवाज, भोवळ हे सगळे मी सहन करीन. खरी आपत्ती निराळी आहे. नावे जात आहेत.

काल पलीकडचा शेजारी फावडे परत करायला आला. त्याची गाय कोणत्या पायाने लाथ मारते हे मला ठाऊक. त्याच्या आजोळची माणसे ठाऊक. नाव मात्र नाही. मी "यावे, यावे, गोपालक!" असे म्हणून वेळ मारून नेली. तो खूश झाला.

आता माझा व्यवसाय लक्षात घ्या. मी तमादा; समारंभाचा सूत्रधार. या खोऱ्यात गेली वीस वर्षे लग्न असो, पाळणा असो, पाहुण्यांना नावानिशी, गावानिशी, पूर्वजांनिशी उठवून बोलते करणे हे माझे कार्य, तेही हातात कागद न धरता. कागद पाहून नावे वाचणारा तमादा म्हणजे पाठीला डबा बांधून पोहणारा मासा. शिवाय सप्टेंबरात माझ्या पुतण्याचे लग्न आहे. माझ्या ज्येष्ठ बंधूंचा धाकटा मुलगा. (बंधूंचे नाव नंतर लिहीन, पेन घसरते आहे.) तोवर हे मस्तक ताळ्यावर आले नाही, तर माझ्या स्वतःच्या घरच्या लग्नात तो एर्निस उभा राहील. एर्निस हा तरुण आहे. त्याच्याकडे दारांएवढे भोंगे आणि रंगीत दिवे आहेत, आणि तो नावे फोनवरून वाचतो.

डोके ठणकते आहे. चार ओळी झाल्या असाव्यात.

१३ एप्रिल

कालिपाने गावातील वृद्ध सायराआजींना बोलावले. त्यांनी कपाळाभोवती दोरी फिरवली, गाठीने मापे घेतली आणि निदान केले: "मेंदू डावीकडे सरकलाय. दोन बोटं." मग शिरोभागी रुमाल करकचून बांधला.

"चला," कालिपा म्हणाली, "सरकलाय म्हणजे आहे, एवढं तरी ठरलं."

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारले. "बांधायचा तर सैल बांधा. चोळू मात्र कुणाला देऊ नका," असा दोन्ही शास्त्रांचा समन्वय त्यांनी केला.

१५ एप्रिल

डोके. पेन खाली.

२४ एप्रिल

अंगणात बसू लागलो. एका विचित्र बदलाची नोंद करणे प्राप्त आहे. माझ्या पत्नीला घोषणा करण्याचे व्यसन जडले आहे. कोणी फाटकाशी दिसला की ती राजद्वारीच्या भालदाराप्रमाणे गर्जते, "अगंबाई, सुयुनबेक आला वाटतं! ये, सुयुनबेक, बस! सुयुनबेकला चहा देते हं!" एका पेल्यात तीन सुयुनबेक. मी म्हटले, "अगं, मला डोळे आहेत." ती म्हणाली, "आहेत ना. मग झालं."

त्याहून चमत्कारिक म्हणजे ही साथ गावभर पसरली आहे. काल शिंपीण आली ती दारातूनच म्हणाली, "मी आले हो, मी, ऐगान्यश!" टपालवाला म्हणाला, "मी झुमाश, तुमचं टपाल." आयुष्यभर जे मुकाट्याने घरात घुसत, ते आता सीमेवरच्या पहारेकऱ्यासमोर उभे राहिल्यासारखे नाव सांगतात. समाजात शिष्टाचार वाढत असल्याचे पाहून समाधान वाटले. मला मात्र नावांच्या बाबतीत पुष्कळच सुधारणा जाणवते आहे.

५ मे

एक गोष्ट लिहिणे भाग आहे. येथे खोटे बोललो तर खरे बोलायला दुसरी वही आणावी लागेल.

दादा रोज येतो. दार उघडतो, फाटकाशी घोडा बांधतो, कधी लोणी आणतो, कधी मटणाचा मांडीचा तुकडा, आणि माझ्यासमोर बसून राहतो. तो मुळातच अल्पभाषी. दोन भावांत मिळून जी वाणी वाटून यायची, ती सगळी मी घेतली. वडील गेले तेव्हा मी खोगिरावर चढू शकत नव्हतो. मला त्याने वाढवले.

आज तो आला तेव्हा कालिपाने घोषणा केली: "मोठे आलेत!" एवढीच. नाव नाही. ते साहजिक आहे. आमच्यात सून सासऱ्याचे, थोरल्या दिराचे नाव उच्चारीत नाही, मरेतो नाही. मी त्याच्याकडे पाहिले, म्हटले "ये दादा," आणि त्याच क्षणी ध्यानात आले की मलाही ते नाव घेता येत नाही. माझ्याजवळ ते नाही. सुयुनबेक आहे, झुमाश आहे, टपालवाल्याच्या घोड्याचेही नाव आहे. माझ्या भावाच्या नावाच्या जागी स्वच्छ झाडलेले अंगण आहे.

कोणाला विचारू? "अहो, मला ज्याने खांद्यावर वाढवले त्याचे नाव काय हो?" असे कोणत्या तोंडाने विचारावे? कपाटात जुने दस्तऐवज आहेत. पण मी प्रतिज्ञा केली आहे: नाव स्वतःहून परत येईल तेव्हाच या पानावर लिहीन. उसने आणून लिहिणार नाही.

कोणाला कळलेले नाही. मी "दादा" म्हणून निभावून नेतो.

१९ मे

गोंगाटामुळे पुरुषांच्या बैठकीत बसवत नाही, म्हणून दिवसाचा बराच वेळ स्वयंपाकघरात जातो. तेथे मला एक महान शोध लागला. आमच्या स्त्रिया जी भाषा बोलतात, तिच्यात नावेच नाहीत!

नियम असा की सासरच्या वडीलधाऱ्याचे नाव तर घ्यायचे नाहीच, पण त्या नावात जो शब्द येत असेल तोही वर्ज्य. आमच्या वहिनीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्याच वडिलांच्या, नावात 'दगड' होता. ती बिचारी दगडाला 'घट्ट' म्हणते. शेजारणीच्या दिराच्या नावात 'मेंढा'. ती मेंढ्याला 'लोकरवाला' म्हणते. "त्या घट्टावरून उठ गं, लोकरवाला सुटलाय!" अशी वाक्ये मी आजवर ऐकून सोडून दिली. आता त्यांत मला अलौकिक रस वाटू लागला. नामशून्य मस्तकासाठी याहून योग्य भाषा भूतलावर नाही. माझ्या पत्नीचीही एक आहे: ज्या वस्तूला अवघा किर्गिझ देश 'बाल्ता' म्हणतो, त्या कुऱ्हाडीला ती लग्न झाल्यापासून 'लाकूडफोडं' म्हणते. कोण्या पणजोबांमुळे असावे.

मी ही भाषा आत्मसात केली. किटली आठवली नाही तर 'कढतवाली' म्हणतो. डॉक्टरीणबाईंना 'कंटाळाल-बाई' म्हटले. स्त्रिया हसून लोळतात.

"अहो, तुम्ही आता सून झालात," कालिपा म्हणाली.

"सासर चांगले मिळाले," मी उत्तरलो.

१० जून

गोपालक शेजारी सुयुनबेकच्या नातवाच्या पाळण्याचा सोहळा. छोटा प्रसंग, घरचीच माणसे. मी परीक्षा म्हणून ध्वनिवर्धक हाती घेतला. कालिपा नको म्हणत होती. एर्निसचे भोंगे मागे घुमत होते. तीन वाक्ये उत्तम झाली. चौथ्यात आजोबांचे नाव यायचे होते. त्याच सुयुनबेकचे, जो रोज दारात येऊन ते मला सांगतो. ते आले नाही. पाचवे वाक्यच आले नाही. माझ्या आयुष्यातील पहिला पूर्णविराम.

लोकांना वाटले, मी परिणामासाठी थांबलो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज मस्तकात शिरला आणि मी जमिनीवर बसलो. दादा गर्दीतून आला, "चल" म्हणाला, आणि मला काखेत धरून बाहेर घेऊन गेला.

१६ जून

मधले दिवस अंधाऱ्या खोलीत गेले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "बरं वाटलं म्हणून लगेच उड्या मारल्यात ना? सगळे हेच करतात. चांगल्या दिवशी थोडं कमी करायचं, वाईट दिवशी थोडं तरी करायचं."

"बरा होईन ना?"

"होताय की. पायरी पायरीनं. तुम्ही पायऱ्यांवर भाषण करू नका, चढा."

आज बकरीचे करडू कुंपणात अडकलेले पाहून मला रडू आले. करडू सुटले, तरी रडू सुटेना. माझ्यासारख्या गंभीर प्रकृतीच्या माणसास हे शोभत नाही. कालिपाने रुमाल दिला. तिचेही डोळे लाल दिसले. कांदा चिरत असावी. स्वयंपाकघरात कांदा मात्र दिसला नाही.

दादाला सांगितले की सप्टेंबरात एर्निसला उभा कर.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, मांडवात तोंडघशी पडेन. पाहुण्यांसमोर तुझीच शोभा होईल."

"होऊ दे. तू नाहीस तर तमादाच नको. मुकाट्यानं जेवतील."

लग्न आणि मुकाट्याने! किर्गिझ माणसाच्या तोंडून याहून भयंकर धमकी मी ऐकलेली नाही.

११ जुलै

दादाने मला डोंगरमाथ्यावरच्या उन्हाळी कुरणात आणले आहे. शांतता इतकी की घोडीच्या दुधाचे आंबणे ऐकू यावे. मला घोड्यावर बसू देत नाही. लगाम धरून तो चालतो, शेजारून मी चालतो, आणि घोडा आमच्यामागून रिकामाच येतो, एखाद्या निरीक्षकासारखा.

काळा चष्मा आता फक्त दुपारी लागतो. झोप येते. वाचतो, एक पान.

आज ओढ्याकाठी बसलो असता दादा म्हणाला, "एसेन, त्या दिवशी..." मी वाट पाहिली. त्याने गवताची काडी तोडली, तिचे चार तुकडे केले. मग म्हणाला, "दूध पी. ताजं आहे."

त्या दिवशी काय, हे विचारायचे राहिले. वार्धक्यात माणूस वाक्ये अर्धी सोडतो. त्याचे तेवढे वय झालेले नाही, पण काळजी वाटली.

४ ऑगस्ट

लग्नपत्रिका छापून आली. तीवर यजमान म्हणून दादाचे नाव आहे, सोनेरी अक्षरांत. प्रतिज्ञेस बाध न आणता मी ते केवळ वाचले. तीनदा मोठ्याने. ओळखीचे वाटले. पत्रिका उलटी ठेवली, आणि ते साबणाच्या वडीसारखे हातून सटकले. बाकी सगळी नावे आता जागेवर आहेत, थकलो नसेन तर झटकन येतात. हे एकच असे का करते? जितके पकडू जावे तितके ते दूर.

डॉक्टरीणबाईंचा निर्णय: लग्नात थोडा वेळ उभे राहण्यास अनुज्ञा. कानात कापूस, डोळ्यांवर चष्मा, मधून मधून अंधाऱ्या खोलीत आडवे होणे. भोंगे, खेळ, नाच हे एर्निस पाहील. मी फक्त नावे घेईन. एर्निसला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, खरं सांगू का, नावंच मला जमत नाहीत. लोक चिडतात." मुलगा वाटला तेवढा वाईट नाही.

१७ ऑगस्ट

घरात एक उपद्रव सुरू झाला आहे. कुऱ्हाड जिथे तिथे आडवी येते. सकाळी दारात टेकवलेली. दुपारी माझ्या खुर्चीवर. आज तर जेवणाच्या कापडावर, नानरोटीच्या शेजारी! मी विचारले, "हा काय स्वयंपाक आहे?"

कालिपा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "याला काय म्हणतात हो?"

"कशाला?"

"याला. या लाकूडफोड्याला. तुम्ही काय म्हणता?"

"दक्ष गृहिणीचे आयुध," मी म्हणालो.

"नीट सांगा ना."

"काष्ठविदारिणी."

तिने कपाळाला हात लावला आणि कुऱ्हाड घेऊन गेली. थोड्या वेळाने मागच्या अंगणात ती विनाकारण लाकडे फोडत होती, माझ्याकडे बघत, एकेक घाव घालत. सरपण भरपूर आहे. लग्नघरची धावपळ मनावर घेतलेली दिसते. तिला विश्रांतीची आवश्यकता आहे.

१२ सप्टेंबर

उद्या लग्न. दादाच्या अंगणात तंबू उभारला. तेच तुंदुक, वडिलांचे. एक कड तासून दुरुस्त केलेली, जिथे माझे मस्तक तिला लागले. मला कुंपणापलीकडे उभे केले होते, डोक्यावर दोन टोप्या चढवून. दादाने खांबाला हात लावला नाही. घरचा कर्ता पुरुष, आजवर प्रत्येक तंबूचा खांब त्यानेच धरलेला. आज पुतण्यांना म्हणाला, "तुम्ही धरा," आणि घोड्यांना पाणी पाजायला गेला. घोडे नुकतेच पाणी पिऊन आले होते.

माझी सिद्धता पूर्ण आहे. कागद वर्ज्य, पण तळहात हा कागद नव्हे. उद्या सकाळी पत्रिकेतून नाव तळहातावर उतरून घेणार. प्रतिज्ञा वहीपुरती होती.

१४ सप्टेंबर

काल लिहिणे शक्य नव्हते. आज सावकाश लिहितो. चार ओळींचा नियम आज मोडला तर डॉक्टरीणबाई क्षमा करतील.

सकाळी शाईने तळहातावर नाव लिहिले. मूठ मिटून हिंडलो. पाहुणे आले, गळाभेटी झाल्या. मग जेवणाची पंगत बसायची वेळ झाली, आणि पुतणी तांब्या आणि घंगाळ घेऊन आली. हात धुतल्याशिवाय आमच्यात कोणी मटणाला शिवत नाही. ती पाणी ओतत गेली, मी आशीर्वाद देत हात चोळत गेलो. घंगाळात निळे पाणी पाहिले तेव्हा उशीर झाला होता. हजार वर्षांचा शिष्टाचार माझ्या तळहातावरचे नाव घेऊन वाहून गेला.

ध्वनिवर्धक हाती घेतला. कापूस, चष्मा, सगळे जागच्या जागी. एर्निसने भोंगे बंद करून सर्वांना खूण केली. मांडव इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. आणि नावे आली! नवरीचे मामा, मामांचे व्याही, डोंगरापलीकडून आलेले वृद्ध, प्रत्येक नाव बोलावलेल्या पाहुण्यासारखे उठून उभे राहिले. सुयुनबेकचे नाव घेतले तेव्हा तो मांडवात रडला. का, ते कळले नाही.

शेवटी उरला यजमान. आशीर्वाद त्याने द्यायचा, आणि त्यासाठी त्याला नावाने उठवायचे.

"आता या घराचा कर्ता," मी म्हणालो, "माझा ज्येष्ठ बंधू..."

आणि अंगण. झाडलेले, स्वच्छ, रिकामे अंगण.

पाळण्याच्या दिवशी मी थांबलो होतो. काल थांबलो नाही. नाव नव्हते, बाकी सगळे होते. मी तेच सांगू लागलो. "ज्याने वडील गेल्यावर मला स्वतःच्या खोगिराच्या पुढ्यात बसवले. ज्याने शाळेत मला बूट दिले आणि स्वतः हिवाळाभर नमद्याच्या चिंध्या बांधून हिंडला. ज्याने माझ्या लग्नात एक शब्द न बोलता सगळी भांडी घासली. ज्याने वसंतापासून रोज माझ्या अंगणात येऊन बसणे चुकवले नाही..." दादा मान खाली घालून बसला होता. त्याची टोपी थरथरत होती. पाहुण्यांना वाटत होते, वक्तृत्व आहे. ते वक्तृत्व नव्हते. तो शोध होता. आणि माझ्याजवळच्या गोष्टी संपत आल्या होत्या.

मी कालिपाकडे पाहिले. ती चुलाण्यापाशी, मटणाच्या कढईजवळ उभी होती. सगळ्या जगात ही एक स्त्री मला आजवर प्रत्येक नाव पुरवीत आली, आणि हे एकच नाव तिला घेता येत नव्हते. तिने इकडे तिकडे पाहिले. खाली वाकली. आणि सरपणाच्या ढिगातून कुऱ्हाड उपसून दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली.

मांडवात हलकल्लोळ झाला.

"कालिपा, मारू नकोस, संपवतोय तो!" सायराआजी ओरडल्या.

"तमादा, आटपा! बायको चिडलीय!"

"मटण थंड होतंय म्हणते!"

ती हलली नाही. कुऱ्हाड वर, डोळे माझ्यावर. मी ते पाते पाहिले. हे काय? लाकूडफोडं. नाही, तो झाला तिचा शब्द. माझा शब्द कोणता? अवघा देश काय म्हणतो? बाल्ता. बाल्ता. माणसाचे नाव म्हणून जो शब्द आपण जन्मभर ऐकतो, तो शब्द म्हणून कधी ऐकतच नाही.

"बाल्ताबाय!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की कानातला एक कापूस उडाला. "उठ, बाल्ताबाय! आशीर्वाद दे!"

कालिपाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्याच ढिगावर मटकन बसली. डोईच्या रुमालाने तोंड झाकून ती हसत होती की रडत होती, हे चष्म्यातून दिसले नाही.

दादा उठला. आशीर्वादाआधी तो माझ्याजवळ आला, मला मिठी मारली आणि कानाशी, कापूस नव्हता त्याच कानाशी, म्हणाला, "एसेन. खांब माझ्या हातात होता. घाम होता हाताला. निसटला रे."

ध्वनिवर्धक माझ्या दुसऱ्या हातात होता. तो मी पाठीमागे नेला.

"तरीच," मी म्हणालो. "तरीच मस्तकाने तुझ्या एकट्याच्या नावावर बहिष्कार टाकला होता."

तो हसला. दादा मोठ्याने हसतो, हे मी विसरलो होतो. तो इतका हसला की आशीर्वाद अर्धा चुकला आणि नवरीच्या मामांनी पुरा केला. पुढचा समारंभ एर्निसने चालवला. मी अंधाऱ्या खोलीत आडवा झालो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीतून भोंगे ऐकत झोपलो. फारसे दुखले नाही.

१५ सप्टेंबर

प्रतिज्ञेप्रमाणे येथे नोंद करतो: माझ्या ज्येष्ठ बंधूंचे नाव बाल्ताबाय. स्वतःहून आले. थोडीशी शस्त्रास्त्रांची मदत झाली.

ऑगस्टची पाने आज पुन्हा वाचली. खुर्चीवरची कुऱ्हाड. नानरोटीशेजारची कुऱ्हाड. काष्ठविदारिणी. एप्रिलमधली पानेही वाचली. एका पेल्यात तीन सुयुनबेक. सौम्य इजेचा अंमल ओसरला असून आता मूळच्या मूर्खपणाचा दिसू लागला आहे, असे डॉक्टरीणबाईंना कळवले पाहिजे.

दुपारी दादाच्या अंगणात तंबू उतरवायला गेलो. खांब दादाने धरला. मी म्हटले, "दोन्ही हातांनी धर हो," आणि तो म्हणाला, "तू भाषण करू नकोस म्हणजे झालं." कालिपा नव्या सुनेला चुलाणे विझवायला शिकवत होती. चुलत सासू या नात्याने तिने पहिला पाठ दिला: या घरात कुठला शब्द घ्यायचा नाही. मुलगी शहरातली, औषधांच्या दुकानात काम करणारी. ती म्हणाली, "मग मी काय म्हणू, काकू?"

"तुझा शब्द तू शोध. माझा माझा आहे." मग कालिपाने मला हाक मारली, "अहो, ते लाकूडफोडं इकडे द्या जरा."

"कोणतं?"

"नाव माहीत असून विचारता?"

मी ते उचलले आणि मोठ्याने नाव घेऊन दिले: "ही घे, बाल्ता!"

तंबूपलीकडून दादाने ओ दिली.